पंचम आधी जातो

१९७४ च्या गणेशोत्सवात सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्राने आपल्या गिटारवादकासमोरचा माइक पहिल्या कार्यक्रमापासून बंद ठेवला. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला हे माहीत होते. गिटारवादकाला ते कोजागिरीच्या संध्याकाळी कळले. त्याचे नाव अंबादास.

यंदाचा भाद्रपद लागला आहे. गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू येऊन पडले आहेत आणि दुपारपासून कोणीतरी एकच शब्द म्हणतो आहे : हॅलो. थोडे थांबून पुन्हा, हॅलो. सोलापुरात आषाढ-श्रावण बहुतेक ढग दाखवण्यात जातात; खरा पाऊस येतो तो गणपतीच्या आसपास. त्यामुळे इथे वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पाऊस आणि माइक शेजारीशेजारी बसलेले असतात. ताडपत्रीत साचलेले पाणी काठीने ढकलल्यावर होणारा धबधबा, ओल्या तरटाचा वास, लेझीम बसवणाऱ्या पोरांची शिट्टी, आणि या सगळ्याच्या वर तो हॅलो. माइक चालू आहे की नाही हे पाहण्यात माणसे इतका वेळ घालवतात. अंबादासने ते कधी पाहिले नाही. ते काम त्याचे नव्हते.

तो पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातला. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत घर. दारातून आत गेले की आधी खळीचा आंबूस वास यायचा, मग आवाज. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी आपटायची, आणि त्या ठेक्यात घरातली भांडीसुद्धा थरथरायची. बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. त्याचे वडील, ज्यांना तो नाना म्हणे, फार थोडे बोलत. स्वभाव तसा नव्हता. एवढ्या आवाजात बोलणे परवडत नसे. मागावर उमेदीची सगळी वर्षे गेल्यामुळे त्यांना ऐकूही कमी येत असे. घरात सणासुदीला माग थांबला की ते अस्वस्थ व्हायचे, इकडेतिकडे पाहायचे, काही विसरले आहे असे वाटून.

गिटार कुर्डुवाडीहून आली होती. तिथे एक रेल्वे गार्ड होते, गोव्याकडचे. अंबादास त्यांना साहेब म्हणे. रविवारी सकाळच्या गाडीने तो कुर्डुवाडीला जायचा, त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून शिकायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. साहेबांची बदली झाली तेव्हा गिटार त्याच्याकडे राहिली. पिवळट लाकडाची, पोटाला एक चीर गेलेली. त्या चिरेवर त्याने घरातल्याच डिंकाने सुताची पट्टी चिकटवली होती.

अंबादासच्या डोक्यातले संगीत समजून घ्यायचे तर एकच गोष्ट कळली तरी पुरे, आणि ती त्याने मला एकदा चहाच्या दुकानात, टेबलावर बोटाने ओल्या रेघा ओढून समजावली होती. "एक सोडून एक," तो म्हणाला. "मागावर उभा ताना भरतो ना आमी, तसंच. एक धागा ह्या चौकटीत, दुसरा त्या चौकटीत. सूरबी तसंच उचलायचे. सा घेतला, रे सोडला. ग घेतला, म सोडला. प घेतला. झाला साधा कॉर्ड. तीन सुरांचा, एकदम वाजवायचा. सगळं जग हितंच थांबतंय."

तो थांबत नव्हता. प नंतर ध सोडून कोमल नि : सातवा. मग वरचा सा सोडून पुढच्या सप्तकातला रे : नववा. ग सोडून म : अकरावा. प सोडून ध : तेरावा. एवढे झाल्यावर आणखी एक सोडून एक मोजले तर पुन्हा सा येतो, म्हणजे दोरा संपला. सोडत सोडत गेलेला माणूस शेवटी सातही सूर हातात घेऊन उभा असतो.

"पन गिटारला तारा सहा," अंबादास म्हणाला. "आन् दाबायला बोटं चार. मग सात सूर ठेवनार कुटं? म्हनून टाकायचे."

टाकण्याचा क्रम ठरलेला होता. साहेबांनी शिकवलेला. पहिला जातो प. तो असला तर भर असतो, नसला तर कोणाला कळत नाही; सा वाजला की प चा भास कान आपोआप करून घेतो. प च्या नंतर सा. सा महत्त्वाचा, पण तो दुसरे कोणीतरी वाजवत असते, खर्जाचे वाद्य किंवा पेटी. आपण पुन्हा कशाला वाजवायचा. ग आणि नि मात्र टाकायचे नाहीत. कॉर्ड हसरा की रडका हे ग सांगतो आणि पुढे कुठे जायचे ते नि सांगतो. तेराव्यात तर ग, नि आणि वरचा ध एवढे तीनच उरले तरी चालतात. बाकीचे चार ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. बातमी कापताना आम्हीही हेच करत असू. त्यामुळे मला ते लगेच समजले.

ऑर्केस्ट्रा अप्पांचा होता. त्यांचे कापडाचे दुकान होते, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि नोकराशी दोन्हींतल्या शिव्या. ते अकॉर्डियन वाजवत; त्याच्या डाव्या हाताच्या एकेका बटणात तयार कॉर्ड असतो. दुकानाच्या माडीवर कापडाच्या गाठी रचलेल्या असत आणि त्यांच्या मधल्या जागेत तालीम चाले. गाठी आवाज पिऊन टाकत. टाळी वाजवली तर ती हातातच संपायची. अशा खोलीत प्रत्येक सूर कोरडा आणि वेगळा ऐकू येतो; अंबादासचे कॉर्ड तिथे स्वच्छ कळत. मी माडीच्या मागच्या बाजूला राहत असे. रात्रपाळी असली की कामावर जाण्यापूर्वी तिथे जाऊन बसत असे.

सुलभाताई गात. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, पेटीवर शिकलेल्या. त्यांची रीत साधी होती : पेटीवाला सा धरतो, त्यावर आपला गळा ठेवायचा आणि पुढे जायचे. सा नसेल असे कधी होईल हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

अंबादासला नम्र म्हणता येणार नाही. त्याला जे येत होते ते गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हते आणि ही गोष्ट तो दर तालमीला सांगत असे. अप्पांना तो म्हणायचा, "अप्पा, तुमची बटनं म्हंजे तयार कपडे. मापात बसलं तर बसलं." अप्पा हसायचे. गिऱ्हाइकाने भाव पाडल्यावर हसतात तसे. बाकीच्यांनी त्याला नाव ठेवले होते तेरावा. "काय बे तेराव्या," ढोलकीवाला विचारायचा, "जेवण कधी घालतोस?"

नानांनी त्याला त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मोकळीक दिली होती. अप्पांनी ऑर्केस्ट्रात कायम केले तर गिटार, नाही तर माग. विजापूर-हुबळीकडचे दौरे मिळणार अशी बोलणी होती आणि दौऱ्याला कोण जाणार हे सीझन संपल्यावर अप्पा ठरवणार होते. अंबादास मागावर बसायला तयार नव्हता. त्याने मला सांगितले होते, "तितं बसलं की मान्साचा मागच होतोय. नाना बगा की. माग थांबला की त्येंनाच काय झालं वाटतंय."

श्रावणात एका कार्यक्रमात जे घडले ते घडायला फार थोडा वेळ लागला. सुलभाताईंचे गाणे सुरू होणार होते. सुरुवातीला कॉर्ड लांबवून धरायचा, त्यावर ताई उचलणार. अंबादासने त्या जागी अकरावा लावला. नियमाप्रमाणे प टाकला. नियमाप्रमाणे सा टाकला, तो अप्पांच्या अकॉर्डियनमध्ये होताच. उरले ग, कोमल नि, रे आणि म. नेमक्या त्या क्षणी मंडपात वॉर्डाचे नगरसेवक आले. अप्पांनी भाता मिटला आणि वाकून नमस्कार केला.

आता सा कोणीच वाजवत नव्हते.

नि, रे आणि म हे तीन सूर एकत्र आले की त्यांचा स्वतःचाच एक साधा, पूर्ण कॉर्ड होतो, आणि त्याच्या तळाशी नि असतो. सुलभाताईंच्या कानाने तो नि सा म्हणून उचलला. दुसरे काही उचलायला नव्हतेच. त्यांनी पहिली ओळ पूर्ण सुरात गायली, एक अख्खा सूर खाली. नमस्कार आटोपून अप्पांनी भाता उघडला तेव्हा गाणे आणि ऑर्केस्ट्रा दोन वेगवेगळ्या घरांत होते. ताई थांबल्या. पुन्हा उचलले, पुन्हा चुकले. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, मग पुढच्या रांगांतून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गात त्या फळ्याकडे वळल्या की कोणीतरी बाकाखालून ती ओळ म्हणे आणि मधेच थांबे. हे पुढे बरेच दिवस चालले.

माडीवर त्यावर बोलणे झाले.

"सा कुठं होता?" सुलभाताईंनी विचारले.

"सा अप्पांकडं होता," अंबादास म्हणाला.

"मी नमस्कार करू का नको बे?" अप्पा म्हणाले. "मानूस आलं दारात."

"करा की. पन बाईंला कळाया पायजे ना. सा न्हाई दिला तरी सा कुटं हाय ते कान असलेल्या मान्साला कळतंय." आणि तो हसला. "बाईंचा कान पेटीत अडकलाय."

सुलभाताईंनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. अप्पांनी अकॉर्डियनचा पट्टा हळूहळू बांधला.

त्याला काढून टाकणे शक्य नव्हते. हँडबिले छापून झाली होती आणि त्यांवर गिटार घेतलेला त्याचा फोटो होता. मंडळांनी विचारणा करतानाच गिटार आहे का असे विचारले होते. त्या वर्षी प्रत्येक मंडळाला स्टेजवर गिटार हवी होती. दुसरा वाजवणारा मिळत नव्हता. गिटार दिसायला हवी होती. ती ऐकू यायला हवी असे कोणी म्हटले नव्हते. हा विचार प्रथम कोणी बोलून दाखवला याबद्दल दोन म्हणणी आहेत. अप्पा म्हणत, ताईंनी. ताई म्हणत, अप्पांनी. माइकवाले बशीरभाई यांचे म्हणणे एकच होते. "अप्पा बोले बंद रखो, मैं बंद रखा. मेरेकू क्या. मेरेकू तो एक वायर कम."

हे सगळे मला कोजागिरीनंतर कळले. त्या वेळी मी पहिल्या रांगेत बसत होतो आणि समोर एक माणूस मन लावून गिटार वाजवताना पाहत होतो.

हे त्याला कसे कळले नाही, असे आजचा माणूस विचारतो. तेव्हा वादकाकडे तोंड केलेला स्पीकर नसे. भोंगे खांबावर, रस्त्याकडे तोंड करून. स्टेजवर ऐकू यायचे ते शेजारचा ढोलकीवाला आणि स्वतःचे वाद्य. गिटार छातीला लागून असते. तिचा आवाज वादकाला कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त कळतो. अंबादासला आपली गिटार रोज ऐकू येत होती, आणि भोंग्यांमधून दूर रस्त्यावर जे जात होते त्यात ती आहे असे तो धरून चालला होता.

तो सीझन मला पावसाचा आठवतो. मंडपाच्या कडेने गळणारे पाणी, खुर्च्यांचे पाय चिखलात गेलेले, गुलाल ओला होऊन कपड्यांवर उतरलेला. गॅसबत्तीभोवती पंखवाले किडे. आणि अंबादास, मांडी घालून नव्हे तर स्टुलावर बसलेला, डोके गिटारच्या पोटाकडे झुकवून. तो दिवसेंदिवस चांगला होत चालला होता. पहिल्या रांगेत, ढोलकी थांबे त्या जागी, लाकडातून थेट येणारे काही सूर मला ऐकू यायचे. श्रावणातल्या त्या प्रकारानंतर त्याने सा पुन्हा ठेवायला सुरुवात केली होती. कबूल मात्र केले नव्हते. सुलभाताई उचलणार त्या जागी तो सा अंगठ्याने दोनदा देई, त्यांच्या दिशेने. तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांच्या आणि त्याच्या मध्ये ढोलकीवाला होता.

बाकीच्यांना त्यात मजा येऊ लागली होती. एका कार्यक्रमात, गाणे चालू असताना, अप्पा त्याच्याकडे वळून ओरडले, "अंब्या, जरा कमी कर की बे. सगळीकडं तुझंच ऐकू येतंय." अंबादास ओशाळला आणि हळू वाजवू लागला. ढोलकीवाल्याने तोंड फिरवून हसू लपवले. दुसऱ्या एका मंडळात अंबादासने बशीरभाईंना खूण केली, वाढवा. बशीरभाईंनी मशीनवरचे एक बटण गंभीरपणे फिरवले. "बढ़ाया, देखो," ते म्हणाले. अंबादासने एक कॉर्ड वाजवून कान दिला आणि मान हलवली. आता बरोबर आहे.

कार्यक्रम संपला की तो माणसांत जायचा आणि विचारायचा, "गिटार कशी वाटली?"

"लई भारी."

"ऐकू येत होती ना मागं?"

"व्हय की. लई मस्त."

ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांनी तारांवर फिरणारे बोट पाहिले होते, आणि कानाने बाकीचे भरून काढले होते, जसा तो सा वरून प भरून काढतो. आमच्या दैनिकातही एका मंडळाच्या वृत्तात "गिटारची साथ रंगतदार होती" असे छापून आले. मजकूर मंडळाने पाठवलेला होता, जसाच्या तसा गेला. अंबादासने तो कापून नानांना दाखवला. नानांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि खिशात ठेवला.

खिडकीबाहेरचा हॅलो आता थांबला आहे. त्याच्या जागी तयार संगीत लागले आहे, ज्यात गिटार आहे, आणि ती कोणी वाजवत नाही. मांडवातली पोरे खांबाला टेकून उभी आहेत. पाऊस भुरभुर. त्या सीझनमधले सुलभाताईंचे गाणे आठवायला बसलो तर माझ्या कानात त्यामागे गिटार येते, सगळ्या सुरांसकट, भोंग्यातून आल्यासारखी मोठी. ती भोंग्यातून कधी आली नव्हती हे मला माहीत आहे. तरी येते.

कोजागिरीचा कार्यक्रम एका गिरणीच्या चाळीच्या पटांगणात होता. पाऊस संपला होता. चंद्र चाळीच्या कौलांवरून वर येत होता आणि एका कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात दूध उकळत होते. वेलदोड्याचा वास स्टेजपर्यंत येत होता. त्या संध्याकाळी नाना आले होते. धुतलेला शर्ट, टोपी. ते खुर्चीवर बसले नाहीत. भोंग्याच्या खांबाजवळ उभे राहिले, तिथे नीट ऐकू येईल म्हणून, आणि एक हात खांबावर ठेवला. अंबादासने त्यांना स्टेजवरून पाहिले. त्याने त्या दिवशी नवा शर्ट घातला होता.

शेवटून दुसरे गाणे सुलभाताईंचे होते. पहिल्या कडव्यात त्यांच्या माइकमध्ये खरखर सुरू झाली. दुसऱ्या कडव्याआधी तो पूर्ण गेला. ताईंचे ओठ हलताना दिसत होते आणि पटांगणात फक्त ढोलकी होती. मागून एक शिट्टी आली.

अंबादास उठला. गिटार स्टुलाला टेकवून ठेवली, आपल्या समोरचा माइक स्टँडसकट उचलला, ढोलकीवाल्याच्या मागून वायर ओढत आणला आणि सुलभाताईंच्या पुढ्यात ठेवला. उंची त्यांच्या तोंडाशी जुळवून दिली. मग एक पाऊल मागे सरला.

सुलभाताई गायल्या नाहीत. त्या माइकपासून थोड्या दूर झाल्या.

पुढचे बोलणे रांगेतल्या कोणाला ऐकू गेले नाही. मला ते सुलभाताईंनी सांगितले.

"घ्या की बाई. ह्यात गावा."

"तो बंद आहे."

"न्हाई, आत्ता तर मी वाजवत होतो."

"बंद आहे, अंबादास."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

तोवर बशीरभाईंनी निवेदकाचा माइक ताईंच्या हातात दिला होता. अप्पांनी भाता उघडून सा धरला. ताईंनी उचलले, बरोबर उचलले, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. अंबादास स्टुलावर जाऊन बसला, गिटार घेतली आणि गाणे संपेपर्यंत वाजवत राहिला. शेवटच्या गाण्यातही वाजवले. त्याने काय वाजवले ते कोणी सांगू शकले नाही. त्याच्यासमोर आता माइक नव्हता आणि पटांगणातल्या कोणाच्या ते लक्षात आले नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी अप्पांनी रीतीप्रमाणे सगळ्यांची नावे घेतली. ज्याचे नाव येई तो उभा राहून हात जोडी. "आणि गिटारवर," अप्पा म्हणाले, "आपल्या सोलापूरचा अंबादास." टाळ्या बऱ्याच वेळ झाल्या. त्याने हात जोडले.

खाली दुधाच्या पातेल्याजवळ नाना पेला घेऊन उभे होते. मी शेजारीच होतो. अंबादास त्यांच्या कानाशी वाकला. एरवी ते तेलुगूत बोलत. त्या दिवशी माझ्यासमोर म्हणून की काय, मराठीत बोलले.

"ऐकली का नाना, गिटार?"

"ऐकली की."

"कशी होती?"

"चांगली होती. लई चांगली होती." नानांनी दुधाचा घोट घेतला. "शेवटचं तर लईच."

अंबादासने त्यांच्याकडे पाहिले.

अप्पा आले. त्यांनी नानांना हात जोडले. "तुमचं पोरगं कायम," ते मोठ्याने म्हणाले, नानांना ऐकू जावे म्हणून. "दिवाळीनंतर विजापूर, मग हुबळी. स्टेजवर उठून दिसतंय बगा."

नाना हसले. त्यांना हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी अंबादासच्या पाठीवर हात ठेवला, जसा खांबावर ठेवला होता.

"मी येत न्हाई, अप्पा," अंबादास म्हणाला.

"का बे?"

"मागावर बसतो."

नानांना वाटले आपण चुकीचे ऐकले. त्यांनी पुन्हा विचारले. अंबादासने कानाशी तोंड नेऊन पुन्हा तेच सांगितले. मग नाना चिडले. वर्षभर मागावर एकट्याने हात मोडले ते कशासाठी, आता सगळे मिळाले तर हे काय नवीन, लोकांनी एवढ्या टाळ्या दिल्या, त्या काय फुकट होत्या. हे सगळे ते पटांगणात, चार लोकांसमोर, मागाशेजारी बोलायच्या आवाजात बोलत होते. माणसे वळून पाहू लागली. "उत्तर दे की," नाना म्हणाले. अंबादासने उत्तर दिले नाही. अप्पा दुधाचा पेला हातात घेऊन उभे होते. सुलभाताई पिशवी घेऊन पटांगणाच्या फाटकातून बाहेर गेल्या होत्या.

नानांना खरे कारण कोणी सांगितल्याची माहिती मला कधी मिळाली नाही.

दिवाळी झाली आणि अंबादास मागावर बसला. थंडीत मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. टॉवेल विणत होता. त्याने माग थांबवला, आणि तो थांबताच शेजारी कांड्या भरत बसलेले नाना मान वर करून पाहू लागले.

"तुमी पहिल्या रांगेत बसायचा," अंबादास म्हणाला. "तुमाला तर ऐकू येत आसंल. लाकडातनं."

"थोडे यायचे."

"काय यायचं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. सूर कोणता, कॉर्ड कोणता, हे मला सांगता आले नाही.

"बाई उचलायच्या तितं मी सा द्यायचो. दोनदा. तो आला का कदी?"

ढोलकी जोरात असायची, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि माग सुरू केला. त्यानंतर बोलणे शक्य नव्हते.

गिटार त्याने परत नेली नाही. ती अप्पांच्या माडीवर, गाठींना टेकून होती. पुढच्या वर्षीच्या हँडबिलावर छपाईचा ब्लॉक जुनाच होता, म्हणजे फोटो अंबादासचाच. स्टेजवर स्टुलावर अप्पांचा भाचा बसला. त्याला गिटार येत नव्हती. बोट कसे फिरवायचे ते त्याला ढोलकीवाल्याने दाखवले होते. समोर माइक होता. मी पहिल्या रांगेत होतो. गिटारच्या पोटावर सुताची पट्टी होती, आणि तारा पाच होत्या.